विश्लेषण : रुग्णालयातून सुटी मिळाली, पण उपचार संपले का?

जबलपूर शहरात तलावांची नावे मिरवणाऱ्या वस्त्या अनेक आहेत. रानीताल, आधारताल, हनुमानताल, देवताल, चेरीताल. लोकपरंपरा सांगते की रानीताल हा गोंडवानाच्या राणी दुर्गावतीचा, आधारताल तिचा दिवाण आधारसिंह याचा आणि चेरीताल तिच्या एका विश्वासू सेविकेचा. 'चेरी' म्हणजे दासी, जवळ राहून सेवा करणारी. १५६४ मध्ये मुघल सैन्याशी लढताना प्राणार्पण करणाऱ्या राणीवर पुष्कळ लिहिले गेले. सेविकेची आठवण मात्र एका वस्तीच्या नावापुरती उरली.

दमोह नाक्यालगतच्या या चेरीतालच्या गल्ल्यांमधून आज रुग्णवाहिका जातात आणि येतात. जाणाऱ्या रुग्णवाहिकेकडे सगळ्यांचे लक्ष असते. परत येणाऱ्या रुग्णाकडे शेजारी दोन दिवस विचारपूस करून आपापल्या कामाला लागतात. पक्षाघात, हृदयविकाराचा झटका, फुफ्फुसांचा गंभीर संसर्ग, कर्करोगाची शस्त्रक्रिया किंवा अपघातानंतरचा अतिदक्षता विभागातील मुक्काम यांतून वाचून घरी आलेला माणूस ही आपल्याकडे समाधानाची बाब मानली जाते आणि तेथेच विषय संपतो. प्रत्यक्षात त्याच्या बरे होण्याचा मोठा भाग त्याच दिवशी सुरू होत असतो.

देशाच्या आरोग्यव्यवस्थेने गेल्या काही वर्षांत रुग्णाला रुग्णालयापर्यंत नेण्याच्या आणि तेथील खर्च भागवण्याच्या बाबतीत लक्षणीय मजल मारली आहे. रुग्णालयातून घरी परतल्यानंतरच्या काळाची जबाबदारी मात्र कोणाची, या प्रश्नाचे उत्तर अद्याप स्पष्ट नाही. ही त्रुटी जबलपूरची एकट्याची नाही. परंतु जबलपूरसारख्या मध्यम आकाराच्या शहरात ती अधिक ठळकपणे दिसते.

महाकोशलचे शेवटचे आणि पहिले ठिकाण

मंडला, डिंडोरी, सिवनी, बालाघाट, नरसिंहपूर आणि कटनी या जिल्ह्यांतील गंभीर रुग्णांसाठी जबलपूर हे मोठे आधारस्थान आहे. नागपूर रस्त्यावरील नेताजी सुभाषचंद्र बोस वैद्यकीय महाविद्यालयाची स्थापना १९५५ मध्ये झाली. त्या वेळी जबलपूर ज्या राज्यात होते, त्याची राजधानी नागपूर होती. १९५६ च्या राज्य पुनर्रचनेनंतर दोन्ही शहरे वेगवेगळ्या राज्यांत गेली, पण रुग्णांची वाट बदलली नाही. आजही जबलपूरहून पुढच्या उपचारांसाठी पाठवलेल्या अनेक रुग्णांचे कुटुंबीय सुमारे पावणेतीनशे किलोमीटरवरील नागपूर गाठतात. जबलपूर ते गोंदिया हा पूर्वीचा नॅरोगेज मार्ग ब्रॉडगेज झाल्यापासून पूर्व विदर्भ आणि महाकोशल यांच्यातील ये-जा आणखी सोपी झाली आहे.

शहरात सेठ गोविंददास जिल्हा रुग्णालय आहे. जुनी पिढी त्याला आजही 'व्हिक्टोरिया' याच नावाने ओळखते. स्त्रिया आणि प्रसूतीसाठी एल्गिन रुग्णालय आहे. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेची आदिवासी आरोग्यावर काम करणारी राष्ट्रीय संस्था १९८४ पासून येथेच आहे. वैद्यकीय महाविद्यालयात श्वसनविकारांसाठी स्वतंत्र उत्कृष्टता केंद्र उभे राहिले आहे. याशिवाय दमोह नाका परिसरात आणि शहराच्या अन्य भागांत लहानमोठी खासगी रुग्णालये आहेत. सोयी पूर्ण आहेत असे कोणी म्हणणार नाही, पण गंभीर आजारावर स्थानिक पातळीवर उपचारच होऊ शकत नाहीत, हा जुना समजही आता टिकणारा नाही.

तरीही कुटुंबाचा पहिला प्रश्न बहुधा 'बाहेर न्यायचे का?' हाच असतो. मध्य प्रदेश सरकारने २०२४ मध्ये पीएम श्री एअर ॲम्ब्युलन्स सेवा सुरू केली. आयुष्मान कार्डधारक गंभीर रुग्णाला मोठ्या शहरात नेण्यासाठी विमान उपलब्ध होऊ शकते, ही दहा वर्षांपूर्वी अशक्य वाटणारी गोष्ट आहे आणि तिचे स्वागतच केले पाहिजे. मात्र त्याच रुग्णाने परत आल्यावर ड्रेसिंग कोठे करायचे, नाकातली नळी कोणी बदलायची, रक्त पातळ ठेवणाऱ्या गोळीची मात्रा कोणी तपासायची, यासाठी अशी निश्चित व्यवस्था नाही. जाण्याची वाट बांधली गेली, परतीची नाही.

जवळचा उपचार दुय्यम नसतो

स्थानिक रुग्णालयातील उपचार म्हणजे नाइलाजाचा मार्ग, अशी धारणा खोलवर रुजलेली आहे. वैद्यकाचा भारतातील इतिहास वेगळे सांगतो.

रायगड जिल्ह्यातील महाड परिसरात लाल विंचवाचा दंश एकेकाळी जीवघेणा ठरत असे. बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात १९७६ मध्ये रुजू झालेल्या डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी अशा रुग्णांच्या उशाशी बसून त्यांच्या प्रकृतीतील बदल टिपून ठेवले. विंचवाच्या विषामुळे हृदयावर ताण येतो आणि फुफ्फुसांत पाणी भरते, हे त्यांनी ओळखले. पुढे प्राझोसिन हे रक्तदाबावरील स्वस्त औषध त्यांनी वापरून पाहिले. त्यावरील त्यांचा निबंध १९८६ मध्ये 'द लॅन्सेट' या प्रतिष्ठित नियतकालिकात प्रसिद्ध झाला. ज्या रुग्णांमध्ये पूर्वी २५ ते ३० टक्के मृत्यू होत, तेथे हे प्रमाण एका टक्क्याच्या आसपास आले. २०२२ मध्ये त्यांना पद्मश्री जाहीर झाली. या यशात कोणतेही महागडे यंत्र नव्हते. औषध स्वस्त होते आणि रुग्णाजवळ थांबून त्याच्याकडे पाहणारा डॉक्टर तेथे होता. मुंबईपर्यंतचा प्रवास झेपण्याइतका वेळ त्या रुग्णांकडे नव्हताच.

दुसरे उदाहरण त्याहून जुने आहे. १९५० च्या दशकात क्षयरोग म्हणजे सॅनेटोरियम, असे समीकरण होते. मोकळी हवा, पूर्ण विश्रांती आणि सकस आहार यांशिवाय रुग्ण बरा होणार नाही, असे मानले जाई. १९५६ मध्ये तत्कालीन मद्रास शहरात एक अभ्यास सुरू झाला. काही रुग्णांना सॅनेटोरियममध्ये आणि काहींना त्यांच्या दाटीवाटीच्या घरीच ठेवून एक वर्ष तीच औषधे देण्यात आली. १९५९ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध झाले तेव्हा घरी राहिलेल्या रुग्णांचे परिणाम सॅनेटोरियमच्या तोडीचे निघाले. घरातील इतरांना संसर्गाचा धोका वाढल्याचेही दिसले नाही. जगभरातील क्षयरोग उपचारांची दिशा या अभ्यासाने बदलली. येथे एक तपशील विसरता कामा नये. घरी राहणाऱ्या रुग्णाकडे कर्मचारी नियमितपणे जात होते आणि औषध घेतले जाते की नाही, हे पाहत होते. म्हणजे रुग्ण घरी होता, पण त्याला वाऱ्यावर सोडलेले नव्हते.

नेताजी सुभाषचंद्र बोस यांचेच उदाहरण या पार्श्वभूमीवर बोलके आहे. १९३२ मध्ये ते सिवनी आणि नंतर जबलपूरच्या तुरुंगात होते. तेथे त्यांची प्रकृती ढासळली, क्षयरोगाची शंका आली आणि त्यांना मद्रास, मग भोवालीच्या सॅनेटोरियममध्ये हलवण्यात आले. अखेर १९३३ च्या आरंभी उपचारांसाठी त्यांना युरोपात जावे लागले. त्या काळात रुग्णाने दूर जाणे हाच उपाय समजला जात असे. आज त्यांचेच नाव धारण करणाऱ्या महाविद्यालयात श्वसनविकारांवर उपचार होतात, हा फरक लहान नाही.

सुटीनंतरचे शरीर

अतिदक्षता विभागातून बाहेर आलेला रुग्ण 'आता बरा आहे' असे आपण म्हणतो. वैद्यकीय अभ्यास याबाबत अधिक सावध आहेत. २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका ब्रिटिश अभ्यासात गंभीर रुग्णांच्या मांडीच्या स्नायूचे माप घेण्यात आले. पहिल्या १० दिवसांतच तो स्नायू सरासरी १७ ते १८ टक्क्यांनी घटल्याचे आढळले. ज्याला आपण 'अशक्तपणा' म्हणून सोडून देतो, त्यामागे हे वास्तव असते. अंथरुणावर उठून बसणे, चमचा धरणे, संडासापर्यंत चालत जाणे या क्रिया त्याला नव्याने शिकाव्या लागतात. झोप न लागणे, भीती वाटणे, विसराळूपणा, चिडचिड या तक्रारी अनेक महिने राहू शकतात. कुटुंबीयांना वाटते, माणूस आजारानंतर हट्टी झाला. तो हट्ट नसून आजाराचाच उरलेला भाग असतो, हे त्यांना सांगणारे सहसा कोणी नसते.

पक्षाघाताचे उदाहरण याहून स्पष्ट आहे. रक्ताची गुठळी विरघळवणारे इंजेक्शन लक्षणे दिसल्यापासून साधारण साडेचार तासांच्या आत द्यावे लागते. यासाठी जवळचे सुसज्ज रुग्णालय अपरिहार्य ठरते. पण हात पुन्हा हलू लागणे, तोंडातून शब्द नीट फुटणे, घास न ठसकता गिळता येणे यासाठी पुढचे काही महिने सातत्याने प्रशिक्षित मदत लागते.

ही मदत कुटुंबाने करावी, असा सोपा उपाय अनेकदा सुचवला जातो. आपल्याकडे कुटुंबव्यवस्था भक्कम आहे, घरातली माणसे जीव लावून सेवा करतात, हे खरेच आहे. मात्र एवढ्यावर भागते का, याची भारतातच शास्त्रीय तपासणी झाली आहे. देशातील १४ रुग्णालयांमध्ये १,२५० पक्षाघातग्रस्तांवर एक मोठा अभ्यास करण्यात आला. निम्म्या रुग्णांच्या नातेवाइकांना व्यायाम आणि शुश्रूषा यांचे प्रशिक्षण देऊन घरी पुनर्वसन करण्यास सांगण्यात आले, तर उरलेल्यांना नेहमीची सेवा मिळाली. २०१७ मध्ये निष्कर्ष आले. सहा महिन्यांनंतर मृत्यू पावलेल्या किंवा परावलंबी राहिलेल्या रुग्णांचे प्रमाण दोन्ही गटांत सारखेच, सुमारे ४७ टक्के होते.

हा निष्कर्ष अस्वस्थ करणारा आहे आणि म्हणूनच महत्त्वाचा आहे. नातेवाइकांचे प्रेम निरुपयोगी आहे, असा त्याचा अर्थ नाही. प्रशिक्षित फिजिओथेरपिस्ट, वाचा उपचारतज्ज्ञ आणि परिचारिका यांची जागा थोड्याशा प्रशिक्षणाने घरातील सून किंवा मुलगा घेऊ शकत नाही, एवढेच तो सांगतो. शुश्रूषेचा भार बहुतेक वेळा घरातील स्त्रीवर पडतो आणि तिच्या श्रमांची नोंद कोणत्याही आकडेवारीत होत नाही, हेही येथे नमूद केले पाहिजे.

पंधरा दिवसांनंतर कोण?

२३ सप्टेंबर २०१८ रोजी रांची येथे सुरू झालेल्या आयुष्मान भारत प्रधानमंत्री जन आरोग्य योजनेने गरीब कुटुंबांना वर्षाला ५ लाख रुपयांपर्यंतच्या रुग्णालयीन उपचारांचे कवच दिले. मध्य प्रदेशात ती 'निरामयम' या नावाने राबवली जाते. २९ ऑक्टोबर २०२४ पासून ७० वर्षे आणि त्यावरील सर्व नागरिकांना उत्पन्नाची अट न लावता तिच्यात सामावून घेण्यात आले. राष्ट्रीय आरोग्य लेख्यांनुसार देशाच्या एकूण आरोग्य खर्चात लोकांनी स्वतःच्या खिशातून केलेल्या खर्चाचा वाटा २०१३-१४ मध्ये ६४.२ टक्के होता. तो २०२१-२२ मध्ये ३९.४ टक्क्यांवर आला. ही घट दिलासा देणारी आहे.

परंतु योजनेची रचना पाहिली तर तिचा केंद्रबिंदू रुग्णालयातील मुक्काम हा आहे. दाखल होण्यापूर्वीचे ३ दिवस आणि सुटी मिळाल्यानंतरचे १५ दिवस एवढाच खर्च तिच्यात धरला जातो. बाह्यरुग्ण विभागातील नेहमीच्या तपासण्या आणि औषधे तिच्या कक्षेबाहेर राहतात. पक्षाघाताच्या रुग्णाला सोळाव्या दिवशी लागणारा फिजिओथेरपिस्ट, हृदयरुग्णाला वर्षभर लागणाऱ्या गोळ्या, अन्ननलिकेची शस्त्रक्रिया झालेल्याला लागणारा विशेष आहार हे सर्व कुटुंबाच्या खिशातून येते. प्रवास, सोबतच्या नातेवाइकाचे राहणे आणि बुडालेली मजुरी यांचा हिशेब वेगळाच. मोठ्या शस्त्रक्रियेचे लाखो रुपये सरकारने भरले आणि त्यानंतरच्या काही हजारांअभावी ती शस्त्रक्रिया वाया गेली, असे घडू शकते. सार्वजनिक पैशाच्या दृष्टीनेही हा तोट्याचा व्यवहार आहे.

रुग्णालयाला पैसे मिळतात ते रुग्ण दाखल केल्याबद्दल. तो बरा झाला की नाही यावर ते फारसे अवलंबून नसतात. या रचनेतून गैरप्रकारांना वाव मिळतो. ऑगस्ट २०२२ मध्ये जबलपूरमध्येच एका खासगी रुग्णालयाशेजारील हॉटेलात आयुष्मान कार्डधारकांना ठेवण्यात आल्याचे छाप्यात उघड झाले आणि गुन्हा दाखल झाला. पुढच्याच वर्षी, ऑगस्ट २०२३ मध्ये, नियंत्रक व महालेखापरीक्षकांचा योजनेवरील अहवाल संसदेत मांडण्यात आला. सुमारे साडेसात लाख लाभार्थ्यांची नोंद एकाच मोबाइल क्रमांकावर झाल्याचे त्यात आढळले होते. पात्रता पडताळणीसाठी मोबाइल क्रमांक आवश्यक नाही, असा खुलासा सरकारने केला. पात्रतेपुरता तो खुलासा मान्य करता येईल. मात्र रुग्णाला सुटी दिल्यानंतर आठव्या दिवशी 'ताप आहे का, टाके कसे आहेत' असे विचारायचे झाले, तर त्या क्रमांकावर कोणाला विचारणार? व्यवस्थेने रुग्णाशी नंतर बोलण्याचा विचारच केला नव्हता, हे या एका नोंदीतून दिसते.

जे आपल्याला आधीच जमले आहे

रुग्ण घरी गेल्यावरही त्याचा पाठपुरावा करणे भारतात अशक्य आहे, असे मात्र नाही. निदान दोन बाबतींत आपण ते मोठ्या प्रमाणावर करून दाखवले आहे.

पहिली बाब नवजात बालकांची. गडचिरोलीतील 'सर्च' संस्थेच्या डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी गावातील स्त्रियांना प्रशिक्षण देऊन घरीच नवजात बालकांची काळजी घेण्याची पद्धत विकसित केली. १९९९ मध्ये 'द लॅन्सेट'मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या अभ्यासानुसार त्या गावांतील नवजात मृत्युदर तुलनेच्या गावांपेक्षा ६२ टक्क्यांनी कमी झाला. २०११ मध्ये ही पद्धत राष्ट्रीय कार्यक्रमाचा भाग झाली. आज रुग्णालयात जन्मलेल्या बाळाच्या घरी आशा सेविकेने तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि बेचाळिसाव्या दिवशी जावे, असे वेळापत्रक ठरलेले आहे. बेचाळीस दिवसांत सहा भेटी. मृत्यूच्या दारातून परतलेल्या त्याच घरातील आजोबांसाठी मात्र असे वेळापत्रक नाही.

दुसरी बाब क्षयरोगाची. या कार्यक्रमात रुग्णाची नोंद होते, उपचार पूर्ण झाले की नाही हे पाहिले जाते आणि निष्कर्ष लिहिला जातो. एप्रिल २०१८ पासून निक्षय पोषण योजनेत रुग्णाला दरमहा ५०० रुपये मिळत. नोव्हेंबर २०२४ पासून ही रक्कम १,००० रुपये करण्यात आली. तिच्यामागचे शास्त्रीय कारणही भक्कम आहे. झारखंडच्या चार जिल्ह्यांत २०१९ ते २०२२ या काळात २,८०० रुग्ण आणि त्यांच्या कुटुंबीयांवर झालेल्या अभ्यासात, कुटुंबाला अन्नधान्याचा शिधा दिल्यास घरातील इतरांना क्षयरोग होण्याचे प्रमाण ३९ टक्क्यांनी घटल्याचे दिसले. पहिल्या दोन महिन्यांत ५ टक्के वजन वाढलेल्या रुग्णांमध्ये मृत्यूचा धोका सुमारे ६१ टक्क्यांनी कमी होता. औषधाबरोबर ताटातील अन्नही आजार हरवण्यात भाग घेते, हे यातून पुन्हा सिद्ध झाले. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार २०१५ मध्ये भारतात लाख लोकसंख्येमागे २३७ असलेले क्षयरुग्णांचे प्रमाण २०२३ मध्ये १९५ पर्यंत खाली आले. २०२५ पर्यंत उच्चाटनाचे लक्ष्य गाठण्यास हा वेग पुरेसा नव्हता, पण दिशा योग्य आहे.

सिकल सेलच्या आजारातही हाच धडा आहे. मध्य प्रदेश, छत्तीसगड आणि विदर्भ यांच्या आदिवासी पट्ट्यात हा आनुवंशिक आजार मोठ्या प्रमाणावर आढळतो. १ जुलै २०२३ रोजी मध्य प्रदेशातील शहडोल येथे राष्ट्रीय सिकल सेल ॲनिमिया उच्चाटन अभियानाचा प्रारंभ झाला आणि ७ कोटी लोकांच्या तपासणीचे उद्दिष्ट ठेवण्यात आले. तपासणी हा आरंभ आहे. आजार निघालेल्या मुलाला पुढची अनेक वर्षे हायड्रॉक्सियुरिया नियमित मिळणे, तापाकडे दुर्लक्ष न होणे आणि वेदनेचा झटका आल्यावर जवळच्या रुग्णालयात त्याची ओळख असणे यावर त्याचे आयुष्य अवलंबून राहील. दर झटक्याला मंडल्याच्या एखाद्या खेड्यातून जबलपूर गाठावे लागत असेल, तर हातातील तपासणीचे कार्ड त्या मुलाच्या फारसे उपयोगी पडणार नाही.

विश्वास आणि सुरक्षितता

स्थानिक रुग्णालयांचा पुरस्कार करताना त्यांच्या उणिवांकडे डोळेझाक करून चालणार नाही. १ ऑगस्ट २०२२ रोजी दमोह नाका परिसरातील एका खासगी रुग्णालयात आग लागून आठ जणांचा मृत्यू झाला. बरे होण्यासाठी किंवा कोणाला बरे करण्यासाठी आलेली माणसे तेथे प्राणाला मुकली. घराजवळचे रुग्णालय हे सुरक्षित असेल, तरच त्याचे जवळ असणे उपयोगाचे. आगीपासून बचावाची व्यवस्था, बाहेर पडण्याचे दुसरे दार, नोंदणीची वेळोवेळी तपासणी या गोष्टी दुर्घटनेनंतरच्या आठवड्यापुरत्या राहता कामा नयेत.

दुसरा प्रश्न मनुष्यबळाचा आहे. अतिदक्षता विभागात एका रुग्णामागे एक परिचारिका असावी, असा निकष आहे. जिल्हा पातळीवरील रुग्णालयांत तो पाळणे किती अवघड जाते, हे तेथे एक रात्र काढलेल्या कोणत्याही नातेवाइकाला ठाऊक असते. कुशीवर वळवणे, जंतुसंसर्ग टाळण्यासाठी हात धुणे, सलाईन वेळेवर बदलणे या साध्या वाटणाऱ्या कामांवर रुग्णाचे जगणे अवलंबून असते आणि ती कामे परिचारिकाच करते. फिजिओथेरपी आणि तत्सम सेवांना २०२१ च्या राष्ट्रीय संलग्न आरोग्यसेवा व्यवसाय आयोग कायद्याने अधिकृत ओळख दिली. त्या ओळखीला तालुका आणि वॉर्ड पातळीवरील पदांची जोड मिळणे बाकी आहे.

परतीच्या वाटेसाठी

उपाय फार दूर शोधावे लागणार नाहीत. गंभीर आजारातून बाहेर पडलेल्या प्रत्येक रुग्णाला सुटी देताना त्याच्या भाषेत, मोठ्या अक्षरांत लिहिलेला कागद मिळाला पाहिजे. कोणती गोळी कधी, कोणते लक्षण दिसल्यास लगेच यायचे आणि फोन कोणाला करायचा, एवढ्या तीन गोष्टी त्यावर असल्या तरी पुष्कळ आहे. सुटीचा कागद इंग्रजीत आणि घाईच्या अक्षरात मिळणे ही देशभरातील कुटुंबांची जुनी अडचण आहे.

मोठ्या शहरातून परतलेल्या रुग्णाची माहिती त्याच्या जिल्हा रुग्णालयाला आणि वस्तीतील केंद्राला आपोआप मिळायला हवी. मध्य प्रदेशच्या शहरांत मुख्यमंत्री संजीवनी क्लिनिक आहेत, ग्रामीण भागात आयुष्मान आरोग्य मंदिरे आहेत. ई-संजीवनीवरून तज्ज्ञ डॉक्टरांचा सल्ला घेण्याची सोय २०१९ पासून उपलब्ध आहे. या सर्व कड्या स्वतंत्रपणे अस्तित्वात आहेत. त्या एका रुग्णाभोवती जोडल्या जात नाहीत, ही अडचण आहे.

नवजात बालकांसाठी असलेल्या सहा भेटींच्या धर्तीवर पक्षाघात, हृदयविकार आणि अतिदक्षता विभागातून परतलेल्या रुग्णांसाठी ९० दिवसांतील ठरावीक भेटींचे वेळापत्रक आखता येईल. मात्र हे काम आशा सेविकांच्या माथी विनामोबदला मारले जाऊ नये. बाळाच्या सर्व भेटी पूर्ण केल्याबद्दल तिच्यासाठी ठरलेला मोबदला २५० रुपये आहे. तेवढ्यात आणखी एक जबाबदारी लादणे हा न्याय नव्हे आणि ते काम नीट होणारही नाही. त्यासाठी प्रशिक्षित परिचारिका आणि फिजिओथेरपिस्ट यांची वेगळी फळी लागेल.

विम्याच्या पॅकेजमधील काही रक्कम पाठपुरावा पूर्ण झाल्यावरच रुग्णालयाला द्यावी, हाही विचार करण्याजोगा मार्ग आहे. त्यामुळे रुग्ण दारातून बाहेर पडताच रुग्णालयाचा त्याच्यातील रस संपणार नाही. त्याचबरोबर किती रुग्ण दाखल झाले याच्या जोडीने ९० दिवसांनी किती जण हयात होते, किती जणांना पुन्हा दाखल व्हावे लागले आणि किती जण कामावर परतले, हे आकडे जिल्हावार प्रसिद्ध व्हावेत. जे मोजले जाते, त्याच्याकडेच प्रशासनाचे लक्ष जाते, हा अनुभव आहे.

२०२५-२६ च्या केंद्रीय अर्थसंकल्पात तीन वर्षांत सर्व जिल्हा रुग्णालयांत कर्करोगासाठी डे-केअर केंद्रे उभारण्याची घोषणा झाली. किमोथेरपीच्या प्रत्येक फेरीसाठी महानगर गाठणाऱ्या कुटुंबांच्या दृष्टीने हा निर्णय मोलाचा आहे. उपचार रुग्णाच्या घराजवळ आणण्याची गरज धोरणकर्त्यांना पटू लागल्याची ती खूण मानता येईल. हीच दृष्टी इतर गंभीर आजारांनाही लागू झाली पाहिजे.

चेरीतालसारख्या वस्तीत रुग्णालयातून परतलेला माणूस पहिल्यांदा काठी टेकत गल्लीच्या तोंडापर्यंत चालत जातो, तेव्हा त्याची नोंद कोणत्याही नोंदवहीत होत नाही. त्याला तेथवर आणण्यात शस्त्रक्रिया करणाऱ्या डॉक्टरांचा वाटा असतो, तसाच रात्रपाळीच्या परिचारिकेचा, ड्रेसिंग करणाऱ्या कर्मचाऱ्याचा आणि घरातल्या कोणा एकीचाही असतो. कधी काळी या वस्तीला एका सेविकेचे नाव मिळाले. सेवेचे ते काम आजच्या आरोग्यव्यवस्थेत नाव, वेतन आणि वेळापत्रक यांसह नोंदले जाईल, तेव्हाच सुटीच्या कागदावरील 'प्रकृतीत सुधारणा' हे शब्द सोळाव्या दिवसानंतरही खरे राहतील.